एका घरातले दोन फरारी

१९४३ चा पावसाळा सरता सरता आमच्या घरातली दोन माणसं एकाच वेळी फरारी होती. धाकटे, म्हणजे माझे आजोबा अण्णा, खटाव तालुक्यात इंग्रज सरकारच्या पोलिसांना चुकवत रानोमाळ फिरत होते. थोरले, म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ आबा, त्याच इंग्रज सरकारचे शिपाई. ते इटलीतल्या अब्रुझ्झोच्या डोंगरात जर्मनांना चुकवत होते. एकाला दुसऱ्याचा ठावठिकाणा नव्हता. दोघंही जगत होते ते मात्र दुसऱ्यांच्या चुलीवर शिजलेल्या अन्नावर.

आबांची गोष्ट आम्हाला तिघांकडून मिळाली. आबा स्वतः थोडंच बोलायचे, तेही उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकल्यावर, दिवा मालवल्यानंतर. अण्णांना सभेची सवय. ते सांगायला लागले की तारखा, गावं, पुढाऱ्यांची नावं ओळीनं यायची. आणि आजी भाकरी थापता थापता दोघांच्याही गोष्टीत राहून गेलेलं सांगायची. मला आज जे काही ठाऊक आहे त्यातलं निम्म्याहून अधिक आजीचं आहे.

खटाव आणि माण हे दुष्काळी तालुके. पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामा होतो आणि आमच्याकडे नुसते ढग येतात. शेतीवर दोन भावांचं भागत नसे, मग एकानं मुंबईची गिरणी धरायची नाहीतर पलटण. सातारा जिल्ह्यात पलटणीची वाट तर फार जुनी. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. आबा १९४० साली बेळगावला भरती झाले. पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, दुसरी बटालियन. पलटणीत तिला 'काळी पाचवी' म्हणत. आबांना म्हातारपणी कोणी "कुठली पलटण?" असं विचारलं की ते एवढे दोनच शब्द सांगायचे, पण सांगताना बाजेवर ताठ होऊन बसायचे.

काळी पाचवी १९४२ च्या जूनमध्ये लिबियातल्या तोब्रुकच्या वेढ्यात होती. वेढ्याच्या आग्नेय बाजूचा भाग अकराव्या हिंदी ब्रिगेडकडे होता, आणि २० जूनच्या पहाटे रोमेलचा मुख्य घाव नेमका आबांच्या बटालियनवर बसला. आधी विमानं आली, मग तोफा, मग रणगाडे. रणगाडे अडवायला खणलेला खंदक वाळूनं बुजत आला होता. जमिनीत पेरलेले बरेचसे सुरुंग काढून आधीच दुसऱ्या आघाडीवर नेले होते. हे सगळं मी पुढे वाचलं. आबांनी सांगितलं ते एवढंच: "च्याचा मग हातात हुता. आभाळ इमानांनी काळं झालं. त्यो च्या काय प्यायला मिळाला न्हाई." दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं आणि सुमारे ३३,००० माणसं एका दिवसात कैदी झाली. त्यात गोरे होते, दक्षिण आफ्रिकेचे होते, गुरखे होते आणि साताऱ्याचे, रत्नागिरीचे, कोल्हापूरचे आपले लोक होते.

गावी जुलैत तार आली. तार इंग्रजीत. ती शाळेच्या मास्तरांनी वाचली आणि पणजीला, आम्ही तिला थोरली आई म्हणत असू, सांगितलं की पोरगा सापडत नाही, पण मेल्याचं लिहिलेलं नाही. थोरल्या आईनं तार घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि रानात निघून गेली. आजी सांगायची, त्या दिवशी तिनं एकटीनं वाफे खुरपले आणि अंधार पडेपर्यंत घरी आली नाही.

पुढे दोन महिन्यांतच ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला. करेंगे या मरेंगेची हाक देशभर गेली होती, तासगावचा मोर्चा झाला होता, इस्लामपूरचा होऊ घातला होता. अण्णा अठरा-एकोणीस वर्षांचे. ते त्या मोर्चात होते. पोलिसांनी गोळीबार केला. हातात झेंडा घेतलेले परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार हुतात्मे झाले. अण्णांच्या शेजारी चालणारा माणूस पडला. त्याचं रक्त अण्णांच्या सदऱ्यावर उडालं. तो सदरा थोरल्या आईनं धुतला नाही, चुलीत घातला, कारण दारात पोलीस येणार हे तिला कळून चुकलं होतं. अण्णा त्या रात्री घराबाहेर पडले आणि नंतर प्रतिसरकारच्या माणसांत गेले.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारबद्दल महाराष्ट्रात पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तुफान सेना, गावोगावची न्यायदान मंडळं, हुंड्याशिवाय आणि मानपानाशिवाय लागणारी गांधी लग्नं, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ लुटलेली रेल्वे, सारं पुस्तकांत आलं आहे. नाना पाटील तर शेवटपर्यंत सरकारच्या हाती लागले नाहीत. माझा जीव ज्यात गुंततो ती गोष्ट याहून लहान आहे. इतकी माणसं इतकी वर्षं भूमिगत राहिली, तर रोज रात्री ती जेवत कुठे होती? त्यांचं अंथरूण कोण घालत होतं? ताप आला तर काढा कोण देत होतं?

अब्रुझ्झोकडे वळते, कारण तिथेही प्रश्न हाच आहे.

तोब्रुकहून कैद्यांना आधी वाळवंटातल्या कुंपणांत आणि मग बोटीनं इटलीत नेलं. हिंदी शिपायांसाठी अवेझ्झानो गावाजवळ ९१ नंबरची छावणी होती. आजूबाजूला फुचिनोचं सपाट मैदान. तिथलं तळं एकोणिसाव्या शतकात आटवून शेती केलेली. चहूकडे डोंगर, आणि हिवाळ्यात त्यांवर बर्फ. आबांनी बर्फ तिथे पहिल्यांदा पाहिलं. लंडनच्या इंडियन कम्फर्ट्‌स फंडातून रेडक्रॉसमार्फत हिंदी कैद्यांसाठी डाळ आणि मसाला घातलेली पार्सलं यायची. पार्सल उघडलं की हळदीचा वास यायचा आणि मोठमोठे गडी पाठ फिरवून बसायचे, असं आबा सांगत. १९४३ च्या उन्हाळ्यात त्यांचं एक कार्ड गावी पोचलं. चार ओळी. खुशाल आहे, काळजी करू नये, धाकट्याला शाळेत पाठवावं. धाकटा तेव्हा शाळेत नव्हता, वॉरंटवर होता.

छावणीत आणखी एक प्रकार घडत होता. इटालियन सरकारनं १९४२ मध्ये हिंदी कैद्यांतून इंग्रजांविरुद्ध लढणारी एक बटालियन उभारली; इक्बाल शेदाई नावाचे क्रांतिकारक त्या कामात पुढे होते. ती त्याच वर्षी नोव्हेंबरात मोडली. तिकडे जर्मनीत सुभाषबाबूंची फौज आफ्रिकेत पकडलेल्या शिपायांतूनच उभी राहत होती. आबांसमोरही हा प्रश्न आला. त्यांच्या ओळखीच्या काहींनी नाव दिलं. आबांनी दिलं नाही. या जागी अण्णा हटकून विचारायचे, "का नाही दिलं, दादा?" आबा म्हणायचे, "मीठ खाल्लं हुतं." अण्णा म्हणायचे, "मीठ आपल्याच देशाचं होतं." दोघं असे समोरासमोर बसलेले असताना मी अनेकदा पाहिलेत. आवाज कधी चढला नाही, पण हा वाद त्या घरात कधी मिटलाही नाही. मला दोघांचंही पटतं. ज्याला कोणा एकाचंच पटतं त्यानं १९४० सालचा माणचा दुष्काळी माळ नीट पाहिलेला नाही, असं मला वाटतं.

८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं शस्त्रं खाली ठेवल्याची बातमी आली. इटलीत तेव्हा दोस्तांचे सुमारे ८०,००० कैदी होते. लंडनहून हुकूम असा की कैद्यांनी जागा सोडू नये. तो हुकूम पाळून जे बसून राहिले त्यांतल्या फार मोठ्या संख्येला जर्मनांनी गाड्यांत भरून उत्तरेला नेलं. पन्नास हजारांच्या आसपास माणसं मात्र कुंपणाबाहेर पडली. आबा आणि त्यांचे दोन सोबती त्यांतले. डोंगराकडे तोंड करून चालत सुटले. गोरा कैदी शेतकऱ्याचे कपडे घालून इटालियन म्हणून खपून जाई. या तिघांना ती सोय नव्हती. दिवसा ते रस्त्यावर दिसले असते तर लांबूनच ओळखू आले असते. म्हणून गावात जायचं नाही, मेंढपाळांच्या वाटेनं वर वर जायचं.

तिथे त्यांना एका म्हातारीनं ठेवून घेतलं.

तिचं घर दगडी, त्यात खाली मेंढरं आणि वर माणसं. अब्रुझ्झोचे मेंढपाळ थंडी सुरू झाली की कळप घेऊन दक्षिणेला पुलियाच्या मैदानात उतरतात. आमच्या माणदेशातले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात तसंच. त्या वर्षी मधे लढाईची आघाडी आल्यानं वाट बंद झाली होती. मेंढरं डोंगरातच अडकली, चारा संपत आला, आणि अशा वर्षी तिच्या घरात खाणारी तीन तोंडं वाढली. आबांचे दोघे सोबती पुढे दुसऱ्या घरी गेले. आबा तिच्याकडेच राहिले.

तिथली जेवणाची रीत आबा हातवारे करून सांगायचे. मक्याचं पीठ काथवटीएवढ्या भांड्यात घोटून घोटून शिजवायचं आणि ते ऊन ऊन एका मोठ्या लाकडी फळीवर ओतायचं. फळीभोवती घरातली सगळी बसायची आणि ज्यानं त्यानं आपल्या कडेनं खात आत जायचं. ताट नाही, वाटी नाही. आबांना पहिल्या दिवशी हात घालायला संकोच वाटला. म्हातारीनं फळी थोडी फिरवली आणि जास्त जाड थर असलेली कड त्यांच्यापुढे आणली. हे सांगताना आबा हातानं ती फळी फिरवून दाखवत.

एकदा त्यांनी तिच्याकडून पीठ मागून घेतलं, ऊन पाण्यात मळलं आणि भाकरी थापली. चुलीवर लोखंडी झाकण उलटं टाकून त्यावर भाजली. म्हातारी आणि तिची सून काम सोडून त्यांचे हात बघत उभ्या राहिल्या. भाकरी मोडली, कडा फाटल्या, पण फुगली. म्हातारीनं तुकडा मोडून खाल्ला, त्यावर मेंढीच्या दुधाच्या चीजचा एक काप ठेवून तो आबांच्या हातात दिला आणि काहीतरी म्हणाली. आबांना शब्द कळले नाहीत.

तिचा मुलगा इटालियन फौजेतून रशियाच्या आघाडीवर गेला होता. १९४२-४३ च्या हिवाळ्यात डॉन नदीवर ती फौज मोडली आणि हजारो माणसं परतली नाहीत. त्याचं पत्र येणं बंद झालं होतं. खुणांनी आणि चार मोडक्या शब्दांनी तिनं आबांना सांगितलं की मी तुला देते, तिकडे कोणीतरी माझ्या पोराला देईल. तो पोरगा आला की नाही ते आबांना कधीच कळलं नाही.

जर्मनांनी दवंडी पिटली होती की कैद्याला थारा देईल त्याला मरणाची शिक्षा. ही नुसती धमकी नव्हती. त्याच डोंगरातल्या अन्व्हेर्सा गावच्या मिकेले देल ग्रेको नावाच्या मेंढपाळाला पळालेल्या कैद्यांना मदत केली म्हणून २२ डिसेंबर १९४३ ला सुल्मोनात गोळ्या घातल्या. म्हातारीला हे ऐकू आलंच असणार. बर्फावर पावलं उमटू नयेत म्हणून ती आबांना कळपाच्या पुढे चालवायची आणि मागून मेंढरं हाकायची.

आमच्या गावी त्याच हिवाळ्यात, सुगी होऊन कडब्याची गंज नुकतीच रचली होती तेव्हा, फौजदार चार पोलीस घेऊन आला. अण्णा सापडत नाहीत तर घरातली भांडीकुंडी आणि जनावरं जप्त करायची, असा त्याचा बेत होता. अण्णा आदल्या रात्रीच आले होते आणि परड्यातल्या गंजीत होते. आजी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, लग्न होऊन वर्ष झालेलं. तिनं काय केलं, तर विळा घेतला, गंजीपाशी गेली आणि बैलाला टाकायला पेंढ्या उपसायला लागली. हळूहळू, एकेक पेंढी. तरणी बाईमाणूस काम करतेय तिथे पोलीस भाले खुपसत जाणार नाहीत, हा तिचा हिशोब. "हात कापत हुतं," ती मला म्हणाली, "पर हातात पेंढी आसली की कापल्यालं दिसत न्हाई."

तेवढ्यात थोरल्या आईनं पत्र्याची पेटी बाहेर आणली. जोत्यावर एकेक कागद मांडला. बेपत्ता झाल्याची तार, मनीऑर्डरींच्या पावत्या, इटलीचं कार्ड. आणि फौजदाराला म्हणाली, "थोरला राजाच्या कामावर गेलाय, तिकडं कैदंत पडलाय. त्याच्या घरातली भांडी न्यायची तर न्या. पर नेली म्हणून ह्या कागदावर लिवून द्या." फौजदारानं कागद उलटसुलट पाहिले. त्याचाही भाऊ पलटणीत असावा, असं आजीचं मत. भांडी जागच्या जागी ठेवून पोलीस निघून गेले.

एका मुलाच्या चाकरीचा कागद पुढे करून तिनं दुसऱ्याचं बंड वाचवलं. इतिहासाच्या पुस्तकांत हे दोघे वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. थोरल्या आईची पेटी मात्र एकच होती, आणि तिच्यात शिपायाचे कागद आणि तुफान सेनेच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी पडलेल्या असायच्या. रात्री-अपरात्री दाराची कडी वाजली की किती जण आहेत एवढंच ती विचारायची. आजी एकदा कुरकुरली, कारण पीठ उद्यापुरतंच होतं. थोरली आई म्हणाली, "माझ्या थोरल्याला कुणीतरी वाढत आसंल का न्हाई? मग वाढ." हजारो मैलांवरच्या त्या म्हातारीचं बोलणं तेव्हा या घरात कोणालाही ठाऊक नव्हतं. आबा परत येऊन सांगेपर्यंत ठाऊक होणारही नव्हतं.

१९४४ च्या जूनमध्ये आघाडी सरकली. जर्मन उत्तरेला हटता हटता ४ जूनला अवेझ्झानोजवळच्या कापिस्त्रेल्लोत डोंगरात गुरं-मेंढरं घेऊन लपलेले शेतकरी, धनगर असे ३३ जण मारून गेले. त्यानंतर काही दिवसांतच न्यूझीलंडच्या पलटणी अवेझ्झानोत आल्या आणि आबा डोंगर उतरले. निघताना म्हातारीनं त्यांना कागद आणि पेन्सिल आणून दिली. पळालेले कैदी असं करायचे. या घरानं मला सांभाळलं अशी चिठ्ठी लिहून द्यायचे, म्हणजे पुढे इंग्रजांची फौज आली की त्या घराला दाखवता येईल. आबांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी मराठीत लिहिलं, "ह्या माउलीने मला नऊ महिने पोटच्या पोरासारखे सांभाळले. हिला सरकारने विसरू नये." खाली नंबर, नाव, पलटण. लढाईनंतर दोस्तांनी अशा मदतीची नोंद घ्यायला एक मंडळ नेमलं आणि फील्ड मार्शल अलेक्झांडर यांच्या सहीची प्रशस्तिपत्रं हजारो इटालियन घरांना वाटली. मराठी चिठ्ठी तिथे कोणाला वाचता आली असेल का, या विचारानं आबांना म्हातारपणीही झोप लागत नसे.

फौजेच्या छावणीत परतल्यावर आबांना आपली माणसं भेटली. जुलैत कानावर आलं की तिसऱ्या बटालियनचे यशवंत घाडगे उत्तर तायबर खोऱ्यात एकट्यानं मशिनगनचं ठाणं मारून धारातीर्थी पडले. पुढे त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा बावीस वर्षांचा पोरगा. इटलीतल्या मोंतोने गावानं २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ एक छायाघड्याळ उभारलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आबा असायला हवे होते.

आबा रजेवर घरी आले तेव्हा अण्णा अजून भूमिगत होते. दोघा भावांची भेट रात्री मळ्यात झाली. आबा खाकी वर्दीत, अण्णा घोंगडीत. आजी जेवण घेऊन गेली होती. तिला वाटलं होतं, आता मोठा वाद होणार. आबांनी आधी भावाचे पाय चाचपून पाहिले, अनवाणी फिरून भेगाळलेले. मग स्वतःचे बूट काढले आणि पुढे सरकवले. अण्णांना ते मोठे झाले. पुढे कॉंग्रेसचं मंत्रिमंडळ येऊन वॉरंटं उठेपर्यंत, १९४६ पर्यंत, अण्णा ते चिंध्या कोंबून वापरत होते. फौजी बुटाचा ठसा दिसला की गावचा पोलीस पाटील बुचकळ्यात पडे, हे अण्णा मिशीत हसत सांगायचे.

आबाही १९४६ लाच पलटणीतून सुटून आले. नोकरी कमी भरली म्हणून पेन्शन बसलं नाही. हातात थोडी रक्कम आणि तीन पदकं आली. त्यांत आफ्रिकेचा सहा टोकांचा तारा, त्याची फीत वाळूच्या रंगाची. १९७२ साली स्वातंत्र्याची पंचवीस वर्षं झाली तेव्हा अण्णांना ताम्रपट मिळाला, सन्माननिधी सुरू झाला. अण्णा साताऱ्याहून ताम्रपट घेऊन आले ते घरात न जाता थेट आबांच्या बाजेपाशी गेले आणि तो त्यांच्या मांडीवर ठेवला. आबांनी बोटानं अक्षरं चाचपली आणि म्हणाले, "चांगलं झालं." यात मला कडवटपणा कधी ऐकू आला नाही. पण आमच्या देशानं या लाखो शिपायांना नेमकं कुठे ठेवावं हे फार वर्षं ठरवलं नाही, आणि त्या न ठरवण्यात माझ्या आबांसारखी माणसं बाजेवर बसून म्हातारी झाली, याचं मला दुःख आहे. जिल्हा सैनिक कार्यालयातून महिन्याचं अनुदान पुढे सुरू झालं. ते घ्यायला ते पदकं लावून, इस्त्रीचं धोतर नेसून साताऱ्याला जायचे.

आबा गेले, अण्णा गेले. आजी सर्वांत शेवटी गेली. तिच्या नावानं ताम्रपट नाही, पदक नाही, कुठल्या यादीत नोंद नाही. थोरल्या आईचीही नाही.

गेल्या दिवाळीपासून मी एका वहीत आमच्या गावातली घरं लिहून घेते आहे. कोणत्या घरात भूमिगत मंडळी जेवली, कोणाच्या परड्यात झोपली, भाकरी घेऊन रानात कोण गेलं. सांगणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीची, तेव्हाची लहान मुलं. एक आजोबा म्हणाले, आमच्या आईनं पीठ दिलं होतं, ते लिहू का? म्हटलं, लिहायचंच आहे, पायली की शेर तेही सांगा. वरची आळी आणि वेशीजवळची घरं झाली आहेत. खालची आळी आणि वाड्यावस्त्या अजून राहिल्या आहेत.